युर-लेक्स: युरोपीय निर्देश राष्ट्रीय कायद्यात कुठे आणि कसा उतरला हे दाखवणारी सेवा

युरोपीय संघाच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्याला एक प्रश्न वारंवार पडतो. संघाच्या संस्थांनी संमत केलेला एखादा निर्देश जर्मनीत, पोलंडमध्ये किंवा पोर्तुगालमध्ये आज कोणत्या कायद्याच्या रूपाने अस्तित्वात आहे, आणि तसा कायदा झालाच नसेल तर तिथल्या नागरिकाच्या हाती काय उरते? याचे उत्तर शोधायला निघालेल्याने सर्वांत आधी उघडावी अशी जागा म्हणजे युर-लेक्स. संघाचे प्रकाशन कार्यालय ही सेवा चालवते. ती पूर्णपणे विनामूल्य आहे, आणि संघाचे करार, कायदे, न्यायनिर्णय आणि अधिकृत राजपत्र असा सारा ऐवज तिथे एकत्र मिळतो. संघाच्या अधिकृत भाषा २४ आहेत, आणि कायद्याच्या पानावर त्या भाषांतले मजकूर एकाखाली एक उघडता येतात.

एवढ्या मोठ्या सेवेचे सर्वांगीण परीक्षण करण्याचा माझा इरादा नाही. मी लिहितो आहे ते मुख्यतः तिच्या एका विभागाबद्दल, म्हणजे प्रत्येक निर्देशाच्या पानावर असणाऱ्या राष्ट्रीय रूपांतराच्या विभागाबद्दल. कोणत्या सदस्य राष्ट्राने कोणता कायदा करून तो निर्देश आपल्याकडे आणला, याची देशवार यादी तिथे असते. माझे मत आधीच नोंदवतो. इतके किचकट काम इतक्या शिस्तीने आणि एक पैसाही न घेता करणारी दुसरी सेवा माझ्या पाहण्यात नाही. मात्र ही यादी म्हणजे सदस्य राष्ट्रांच्या सरकारांनी केलेले निवेदन आहे, तो कोणाचा निवाडा नव्हे. हा फरक ध्यानात न ठेवता यादी वाचणारा माणूस हमखास चुकीच्या निष्कर्षावर पोहोचतो.

अशा विभागाची गरज का पडते, ते युरोपीय संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराच्या अनुच्छेद २८८ मध्ये आहे. या अनुच्छेदाप्रमाणे नियमन, म्हणजे ज्याला रेग्युलेशन म्हणतात ते, संपूर्णपणे बंधनकारक असते आणि सर्व सदस्य राष्ट्रांत थेट लागू होते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचे २०१६/६७९ हे नियमन २५ मे २०१८ पासून सगळीकडे एकाच मजकुरासह लागू झाले, ते याच कारणाने. निर्देशाचे, म्हणजे डायरेक्टिव्हचे, तसे नाही. साध्य करायचा परिणाम तेवढा निर्देश बंधनकारक करतो. तो कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या पद्धतीने साधायचा, हे राष्ट्रीय यंत्रणांवर सोडलेले असते. त्यामुळे एका निर्देशातून प्रत्येक देशाचा स्वतंत्र मजकूर जन्माला येतो. कुठे तो एका नव्या कायद्याच्या रूपात येतो, कुठे पाच जुन्या कायद्यांतल्या दुरुस्त्यांच्या रूपात, तर कुठे मंत्रालयाच्या आदेशाच्या रूपात. नागरिकाचा किंवा कंपनीचा रोजचा संबंध येतो तो या राष्ट्रीय मजकुराशी. मूळ निर्देश पाठ असलेला माणूसही हा दुसरा मजकूर सापडल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

सेवा प्रत्यक्षात कशी चालते हे दाखवण्यासाठी मी एकच निर्देश घेतो आणि त्याच्यापाशी जरा रेंगाळतो. संघाच्या कायद्याच्या भंगाची माहिती देणाऱ्या जागल्यांना संरक्षण देणारा २०१९/१९३७ हा निर्देश २३ ऑक्टोबर २०१९ रोजी संमत झाला. युर-लेक्सवर प्रत्येक दस्तऐवजाला सेलेक्स क्रमांक असतो आणि त्याची घडण एकदा समजली की शोधयंत्राची फारशी गरज राहत नाही. सुरुवातीचा ३ हा अंक संघाच्या कायद्यांचा विभाग दाखवतो, मग वर्ष येते, मग एल हे अक्षर, म्हणजे निर्देश, आणि शेवटी चार आकडी क्रमांक. म्हणून आपल्या निर्देशाचा क्रमांक होतो ३२०१९एल१९३७. नियमनासाठी एलच्या जागी आर येतो. न्यायनिर्णयांचा विभाग ६ ने सुरू होतो, आणि राष्ट्रीय रूपांतराच्या नोंदी ७ ने. नव्या वाचकाला पहिल्यांदा हे क्रमांक पाहून घाबरायला होते, पण माझ्या मते या सेवेची सगळ्यात टिकाऊ गुणवत्ता तीच आहे. पानाची मांडणी बदलते, मेनू इकडचे तिकडे होतात, क्रमांक मात्र तोच राहतो.

निर्देशाच्या पानावर डाव्या बाजूला मजकूर, दस्तऐवजाची माहिती, संमतीची प्रक्रिया, सारांश आणि राष्ट्रीय रूपांतर असे विभाग दिसतात. बहुतेक जण थेट मजकुरात शिरतात. मी दस्तऐवजाच्या माहितीपासून सुरुवात करण्याचा सल्ला देईन, कारण निर्देशाच्या आयुष्यातल्या सगळ्या तारखा तिथे एका ठिकाणी असतात: संमतीची, अमलात येण्याची आणि राष्ट्रीय कायद्यात उतरवण्याच्या अंतिम मुदतीची. जागल्यांच्या निर्देशाची मुदत १७ डिसेंबर २०२१ होती. ५० ते २४९ कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांना अंतर्गत तक्रार-व्यवस्था उभारायला लावण्यासाठी मात्र १७ डिसेंबर २०२३ पर्यंत सवलत होती. निर्देशाच्या बाबतीत या तारखेइतके वजन दुसऱ्या कशालाच नाही, आणि ते का, याकडे मी पुढे येतोच.

आता राष्ट्रीय रूपांतराचा विभाग. तो उघडला की वर निर्देशाचे नाव, खाली देशांची यादी, आणि प्रत्येक देशाखाली त्याने युरोपीय आयोगाला, म्हणजे संघाच्या कार्यकारी संस्थेला, कळवलेल्या कायद्यांची नोंद असते. नोंदीत कायद्याचे मूळ भाषेतले शीर्षक, राष्ट्रीय राजपत्राचा तपशील आणि तारखा असतात. काही नोंदींना पूर्ण मजकूर जोडलेला असतो, काहींना नसतो. जर्मनीपाशी गेलात तर ३१ मे २०२३ च्या, २ जुलै २०२३ पासून अमलात आलेल्या जागले संरक्षण कायद्यापर्यंत पोहोचता. फ्रान्सचा २१ मार्च २०२२ चा कायदा, इटलीचा १० मार्च २०२३ चा वैधानिक आदेश, पोलंडचा १४ जून २०२४ चा कायदा, या सगळ्यांपर्यंतची वाट याच पानावरून निघते. तारखा निव्वळ एकाखाली एक ठेवल्या तरी कोण वेळेत होते आणि कोण नव्हते, हे कळून चुकते. डेन्मार्क आणि स्वीडन या दोघांचे कायदे नेमके १७ डिसेंबर २०२१ रोजी अमलात आले. पोलंडचा कायदा अमलात येईपर्यंत २५ सप्टेंबर २०२४ उजाडला.

पण खरे वाचन इथून पुढे सुरू होते आणि तिथे सेवा तुमचा हात सोडते. निर्देशाच्या कलम ८ प्रमाणे ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी तक्रारी स्वीकारण्याची अंतर्गत व्यवस्था उभारायला हवी. कलम ९ प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच सात दिवसांच्या आत द्यायला हवी आणि पोच दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत पुढे काय केले ते कळवायला हवे. जर्मन कायदा शेजारी ठेवला तर त्याच्या कलम १२ मध्ये ५० कर्मचाऱ्यांची अट सापडते, कलम १७ मध्ये सात दिवस आणि तीन महिने सापडतात, आणि ५० ते २४९ कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना दिलेली सवलत कलम ४२ मध्ये. म्हणजे बंधनकारक भाग आकड्यांसकट जसाच्या तसा उतरला आहे. जिथे निर्देशाने मोकळीक ठेवली आहे तिथला प्रकार वेगळा. निनावी तक्रारी स्वीकारण्याचे बंधन घालायचे की नाही, हे कलम ६ ने प्रत्येक राष्ट्रावर सोडले आहे. जर्मन कायद्याने निनावी तक्रारींची दखल घेतली जावी असे म्हटले, पण त्या स्वीकारण्यासाठी खास व्यवस्था उभारण्याचे बंधन घातले नाही. १०,००० हून कमी लोकवस्तीच्या नगरपालिकांना सूट देण्याची मुभाही निर्देशात आहे. ती कोणी घेतली आणि कोणी नाही, हे प्रत्येक राष्ट्राचा कायदा उघडूनच पाहावे लागते.

कलमाला कलम लावून पाहण्याचे हे काम युर-लेक्स करत नाही. नोंद तुम्हाला सांगते की अमुक कायदा या निर्देशासाठी कळवला गेला आहे. निर्देशाचे कोणते कलम त्या कायद्याच्या कोणत्या कलमात गेले, हे ती सांगत नाही. ही या विभागाची सर्वांत मोठी उणीव मी मानतो. संघराज्यांच्या बाबतीत तर ती असह्य होते. जर्मनीची १६ राज्ये, ऑस्ट्रियाची ९ राज्ये, बेल्जियमचे प्रदेश आणि भाषिक समुदाय यांना ज्या विषयांत स्वतंत्र अधिकार आहेत, त्या विषयांवरच्या निर्देशासाठी प्रत्येक घटकाचा वेगळा कायदा कळवला जातो आणि यादी लांबत जाते. पर्यावरणविषयक निर्देशांची पाने याची साक्ष देतील. त्या लांबलचक यादीतला कोणता कायदा गाभ्याचा आणि कोणता केवळ एका शब्दाच्या दुरुस्तीचा, हे शीर्षकांवरून ओळखणे त्या देशाच्या जाणकारालाही सोपे जात नाही.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे, पण तिचा दोष मी सेवेला देत नाही, कारण ती स्वतःच पानावर ते स्पष्ट करते. रूपांतराविषयीच्या माहितीची जबाबदारी सर्वस्वी सदस्य राष्ट्रांची असते, आणि ते रूपांतर पुरेसे व बरोबर आहे की नाही, याच्या आयोगाकडून होणाऱ्या तपासणीवर त्या नोंदीचा काही परिणाम होत नाही. यादीत नाव आहे म्हणजे निर्देश पाळला गेला, असे नव्हे. सरकारने कायदा कळवला, पण त्यात निर्देशाचे अर्धेच कलम उतरले, असे होऊ शकते. उलट बाजूने, कधी एखाद्या राष्ट्राचा जुनाच कायदा निर्देशाला पुरेसा असतो. तेव्हा नोंदीत निर्देशाच्या आधीच्या तारखेचा कायदा दिसला तर दचकण्याचे कारण नाही.

सरकारांनी नुसती कायद्यांची जंत्री आयोगाच्या हाती ठेवून मोकळे होऊ नये, हा आग्रह संघाच्या न्यायालयानेही धरला आहे. सदस्य राष्ट्रे आणि आयोग यांनी २८ सप्टेंबर २०११ रोजी संयुक्त राजकीय निवेदन करून ठरवले की, जिथे तसे करणे समर्थनीय असेल तिथे निर्देशाचे घटक आणि राष्ट्रीय कायद्याचे संबंधित भाग यांचा मेळ दाखवणारी स्पष्टीकरणात्मक कागदपत्रे सोबत द्यायची. पुढे आयोग विरुद्ध बेल्जियम या खटल्यात, क्रमांक सी-५४३/१७, ८ जुलै २०१९ च्या निकालाने हा मुद्दा पक्का केला. विषय होता वेगवान इंटरनेटच्या जाळ्यांचा खर्च कमी करण्याविषयीचा २०१४/६१ हा निर्देश. निर्देशाची प्रत्येक तरतूद आपल्या कोणत्या राष्ट्रीय तरतुदीने उतरली, हे राष्ट्राने पुरेशा स्पष्ट आणि नेमक्या शब्दांत आयोगाला सांगितलेच पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले आणि ब्रुसेल्स राजधानी प्रदेशातील त्रुटीपोटी बेल्जियमला दररोज ५,००० युरो दंड बसवला. कार्यपद्धतीविषयीच्या त्याच करारात लिस्बन कराराने आणलेल्या, अनुच्छेद २६० च्या तिसऱ्या परिच्छेदाचा न्यायालयाने केलेला हा पहिलाच वापर. रूपांतराचे उपाय कळवण्याचे कर्तव्य न पाळणाऱ्या राष्ट्राला पहिल्याच खटल्यात आर्थिक शिक्षा करण्याची सोय या परिच्छेदात आहे. त्याआधी दंडापर्यंत पोहोचायला दोन स्वतंत्र खटले चालवावे लागत.

जागल्यांच्या निर्देशाच्या बाबतीत हीच तरतूद किती कडक ठरली, ते त्याच सेवेवर पुढे वाचता येते. आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आठ राष्ट्रांना न्यायालयात खेचले. पोलंडला २५ एप्रिल २०२४ रोजी ७० लाख युरो एकरकमी आणि त्यावर दररोज ४०,००० युरो अशी शिक्षा झाली. ६ मार्च २०२५ रोजी जर्मनीला ३ कोटी ४० लाख युरो भरण्याचा आदेश झाला. त्यावेळी जर्मनीचा कायदा होऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता, तरी उशिराची किंमत द्यावीच लागली. हा कायदा एकदा फेब्रुवारी २०२३ मध्ये वरिष्ठ सभागृहात अडला होता आणि मे महिन्यात मध्यस्थ समितीत तडजोड झाल्यावरच पुढे सरकला, ही पार्श्वभूमी युर-लेक्सवरच्या नोंदीत अर्थातच दिसत नाही. देशांतर्गत राजकारणाने निर्देश कसा रखडतो, हे जाणून घ्यायला त्या देशाच्या संसदेची कागदपत्रे पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

आता त्या तारखेकडे. मुदत उलटेपर्यंत राष्ट्राला कायदा न करण्याची मुभा असते, पण त्या काळातही निर्देशाचे उद्दिष्ट गंभीरपणे धोक्यात येईल असे काही करायचे नाही, असे न्यायालयाने १९९७ च्या इंटर-एन्व्हायरनमेंट वॉलोनी निकालात सांगितले आहे. मुदत उलटल्यावर चित्र पालटते. त्या पालटाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला १९७९ च्या रात्ती खटल्यात दिसते. इटलीतील एका कंपनीने आपल्या द्रावकांच्या आणि वॉर्निशच्या डब्यांवर युरोपीय निर्देशांप्रमाणे लेबले लावायला सुरुवात केली होती. इटलीचा १९६३ चा कायदा मात्र वेगळी आणि अधिक माहिती मागत होता, म्हणून तुल्यो रात्ती यांच्यावर मिलानमध्ये फौजदारी कारवाई झाली. द्रावकांच्या ७३/१७३ या निर्देशाची मुदत डिसेंबर १९७४ मध्येच संपली होती, वॉर्निशच्या ७७/७२८ या निर्देशाची मुदत नोव्हेंबर १९७९ मध्ये संपायची होती आणि निकाल लागला एप्रिलमध्ये. न्यायालयाने सांगितले की, मुदत उलटूनही निर्देश न उतरवणाऱ्या राष्ट्राला, तो निर्देश पाळणाऱ्या माणसावर आपला जुना कायदा चालवता येणार नाही. द्रावकांच्या बाबतीत रात्ती यांना संरक्षण मिळाले, वॉर्निशच्या बाबतीत नाही. एकच कंपनी, एकच फौजदारी प्रकरण, आणि निकाल दोन. फरक केवळ दोन तारखांचा.

अशा निर्णयांपर्यंत पोहोचवण्याच्या कामात युर-लेक्स अत्यंत समर्थ आहे आणि या बाबतीत मी तिचे मनापासून कौतुक करतो. निर्देशाच्या माहितीच्या पानावर त्याचा अर्थ लावणारे न्यायनिर्णय जोडलेले असतात, बऱ्याचदा कोणत्या कलमाचा अर्थ लावला आहे त्या नोंदीसह. न्यायनिर्णयाच्या पानावरून उलट दिशेने निर्देशाकडे परत येता येते. राष्ट्रीय रूपांतराची यादी आणि न्यायनिर्णयांची यादी शेजारी ठेवून वाचली तरच निर्देश राष्ट्रीय कायद्यात कसा उतरतो, याचे पूर्ण चित्र मिळते. कायदा झाला असेल तर काय, याचे उत्तर पहिल्या यादीत आहे. झाला नसेल किंवा अर्धवट झाला असेल तर काय, याचे दुसऱ्या यादीत.

दुसऱ्या यादीतला एक खटला मी प्रत्येक नव्या अभ्यासकाला वाचायला सांगतो. जानेवारी १९८९ मध्ये मिलानच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाजवळ फाचिनी दोरी या महिलेने इंग्रजीच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमाचा करार केला आणि काही दिवसांतच पत्र पाठवून तो रद्द केला. व्यावसायिक जागेबाहेर झालेल्या अशा करारातून किमान सात दिवसांच्या मुदतीत माघार घेण्याचा हक्क ८५/५७७ या निर्देशाने दिला होता. इटलीने तो निर्देश डिसेंबर १९८७ पर्यंत उतरवायला हवा होता. प्रत्यक्षात तो उतरला जानेवारी १९९२ मध्ये. फाचिनी दोरी यांचा करार बरोबर मधल्या रिकाम्या काळातला. निर्देशातला हक्क पुरेसा स्पष्ट आहे, हे न्यायालयाने १९९४ मध्ये मान्य केले, तरीही तो एका खासगी कंपनीविरुद्ध थेट वापरता येणार नाही असे ठरवले. निर्देश राष्ट्राला बांधतो, खासगी व्यक्तीला नाही, हे तत्त्व १९८६ च्या मार्शल निकालापासून चालत आले होते. तिथे प्रतिवादी ब्रिटनची सरकारी आरोग्य यंत्रणा होती म्हणून निर्देशाचा आधार मिळाला. इथे समोर खासगी कंपनी होती म्हणून मिळाला नाही.

मग अशा माणसाने करायचे काय? न्यायालयाने दोन वाटा दाखवल्या. राष्ट्रीय न्यायालयाने आपल्या देशाच्या कायद्याचा अर्थ शक्य तितका निर्देशाच्या शब्दांशी आणि हेतूशी जुळवून लावावा, ही एक. १९८४ चा फॉन कोल्सन आणि १९९० चा मार्लेसिंग हे निकाल तिचा पाया आहेत. ही वाट राष्ट्रीय कायद्याच्या मजकुराला पार उलटे करण्यापर्यंत जात नाही. दुसरी वाट म्हणजे निर्देश न उतरवल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई खुद्द राष्ट्राकडून मागणे. ती १९ नोव्हेंबर १९९१ च्या फ्रांकोविच निकालाने खुली झाली. मालकाचे दिवाळे निघाल्यावर कामगारांच्या थकलेल्या पगाराची हमी देणारा ८०/९८७ हा निर्देश इटलीने ऑक्टोबर १९८३ ची मुदत उलटून गेल्यावरही उतरवला नव्हता, आणि त्याची झळ बसलेल्या कामगारांनी सरकारवरच दावा केला होता. ज्यांच्या नावाने हे तत्त्व ओळखले जाते त्या आंद्रेआ फ्रांकोविच यांच्या हाती मात्र अखेर काही लागले नाही. त्यांचा मालक निर्देशात अपेक्षित असलेल्या सामूहिक दिवाळखोरीच्या कारवाईखाली येत नव्हता, हे १९९५ च्या दुसऱ्या निकालात स्पष्ट झाले. पहिला निकाल पाठ्यपुस्तकात असतो, दुसरा सहसा नसतो. युर-लेक्सवर तो निर्देशाच्याच पानावरून गाठता येतो, आणि निर्देशाची व्याप्ती आधी तपासावी हा धडा तो वाचूनच खऱ्या अर्थाने कळतो.

वापराच्या काही बाबी थोडक्यात सांगतो. दोन किंवा तीन भाषांतले मजकूर शेजारी शेजारी मांडून वाचण्याची सोय उत्तम आहे. सर्व अधिकृत भाषांतले मजकूर सारखेच प्रमाण असल्यामुळे संदिग्ध कलम एकाच भाषेत वाचून निष्कर्ष काढू नये, आणि ही सोय तो धोका टाळते. दुरुस्त्या एकत्र करून तयार केलेला एकत्रित मजकूर रोजच्या वाचनाला फार उपयोगी पडतो, पण त्याला कायदेशीर बळ नसते. प्रमाण मजकूर राजपत्रातलाच, आणि १ जुलै २०१३ पासून राजपत्राची इलेक्ट्रॉनिक आवृत्तीच प्रमाण मानली जाते. अर्जात किंवा लेखात उद्धृत करताना हे विसरू नये. सारांशांचा विभाग सामान्य वाचकासाठी चांगला आहे, वकिलाने त्यावर विसंबू नये. प्रगत शोध समर्थ आहे खरा, पण त्याचे अर्ज पाहून नवखा माणूस गोंधळतो. क्रमांक ठाऊक असेल तर तो टाकणे केव्हाही सोपे. राष्ट्रीय कायद्याचे भाषांतर मात्र सेवा देत नाही. पोलंडची नोंद पोलिश भाषेत आणि एस्टोनियाची एस्टोनियन भाषेत, हे गृहीत धरूनच कामाला लागावे. राष्ट्रीय कायद्यांच्या डेटाबेसपर्यंत नेणारी एन-लेक्स ही जोडसेवा सोबत उघडून ठेवली तर निदान मूळ मजकूर आणि त्याच्या नंतरच्या दुरुस्त्या शोधणे सुलभ होते. या दुरुस्त्या पाहणे आवश्यक आहे, कारण रूपांतराची नोंद कळवलेल्या वेळचा कायदा दाखवते आणि तो कायदा पुढे बदललेला असू शकतो.

कायद्याचे विद्यार्थी, भाषांतरकार, अनेक युरोपीय देशांत काम करणाऱ्या कंपन्यांचे सल्लागार आणि पत्रकार या सर्वांनी ही सेवा हाताशी ठेवावी. ज्याला फक्त एका देशातल्या आपल्या हक्काची माहिती हवी आहे, त्याने आधी त्या देशाचा कायदा पाहावा आणि काही खटकले तरच निर्देशाकडे वळावे. प्रकाशन कार्यालयाने एवढी एकच सुधारणा करावी: सरकारे आयोगाला जी कलमवार स्पष्टीकरणे देतात, ती राष्ट्रीय रूपांतराच्या प्रत्येक नोंदीसोबत सरसकट उघडी करावीत. आजही तो तक्ता वाचकाला स्वतः बनवावा लागतो: एका रकान्यात निर्देशाचे कलम, दुसऱ्यात राष्ट्रीय कायद्याचे, आणि जिथे दुसरा रकाना रिकामा राहतो तिथे मुदतीची तारीख.